उंबराचं फूल, जास्वंदीचं फळ

प्राथमिक शाळेत परागीभवन शिकवायचं साहित्य पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेलं आहे: एक तक्ता, एक पट्टी आणि एक जास्वंद. तक्त्यावर एक फूल असतं, फुलाशेजारी एक हसरी मधमाशी, तिच्यामागून निघालेली तुटक रेघ आणि रेघेच्या दुसऱ्या टोकाला दुसरं फूल. पट्टी रेघेवरून सावकाश सरकते, वर्ग एका सुरात 'प-रा-गी-भ-व-न' म्हणतो आणि मग जास्वंद हातोहात फिरू लागते. पहिल्या बाकावर तिला पाच पाकळ्या असतात, तिसऱ्या बाकावर दोन, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तो नुसता देठ. वनस्पतिशास्त्राविषयी शेवटच्या बाकाचं जे मत आयुष्यभर टिकतं, ते या देठावर उभं असतं. जास्वंदीची निवड तशी सोयीचीच. फूल तळहाताएवढं, पुंकेसर-स्त्रीकेसर लांबून दिसतात, आणि गणपतीला वाहून उरलेलं फुकट मिळतं. खोट एकच. आपल्या अंगणातल्या नेहमीच्या लाल जास्वंदीला सहसा फळच धरत नाही. ती फांदी खोचून लागते, फांदीनंच पसरते आणि बी म्हणजे काय हे तिला ऐकूनही ठाऊक नसतं. म्हणजे ज्या गोष्टीचा शेवट फळात आणि बियांत व्हायचा, ती शिकवायला आपण नेमकं असं झाड धरलं आहे की ज्याच्या घरी तो शेवट कधी होतच नाही. लग्नाच्या बैठकीत अनुभवी माणूस म्हणून मारुतीरायाला बसवावं, तशातला हा प्रकार. वर्गात एखादं चौकस पोर असतंच. ते विचारतं, "बाई, जास्वंदीचं फळ कसं असतं?" बाई क्षणभर खिडकीबाहेर बघतात. "ते तुम्हाला पुढच्या वर्षी आहे." पुढच्या वर्षीच्या बाई सांगतात, "ते तुमचं मागच्या वर्षी झालंय."

प्रस्तुत लेखाचं म्हणणं असं, की परागीभवन समजण्यात मुलांना काडीचीही अडचण नाही. अडचण मोठ्यांची आहे, आणि त्यांत गुरुजी, बाई, आई-बाबा, आजोबा आणि प्रस्तुत लेखक हे सगळे आले. या एका धड्यातली झाडून सगळी पात्रं शाळेच्या आवारात फुकट हजर असतात, आणि नेमकी तीच पात्रं हाकलण्यात, चिरडण्यात आणि फवारण्यात आपला उरलेला दिवस जातो. पुरावा शोधायला लांब जायला नको. पहिल्या तासाला फळ्यावर सुवाच्य अक्षरात 'कीटक आपले मित्र' असं लिहिलेलं असतं. दुसऱ्या तासाला त्यांतला एक मित्र खिडकीतून आत येतो. "बाई, मित्र आला!" अशी आरोळी उठते. "कुणी हलू नका! शिपाईमामांना हाक मारा!" मामा खराटा घेऊन येतात, मित्राचा निकाल लागतो, आणि फळ्यावरचं वाक्य तसंच राहतं. घरी गेल्यावर मूल पाहतं की स्वयंपाकघरात मुंग्यांसाठी खडू आहे, दिवाणखान्यात डासांसाठी बॅट आहे, कुंडीतल्या गुलाबाला 'कसलीशी कीड' लागली म्हणून बाबा तोंडाला रुमाल बांधून फवारणी करताहेत. त्या गुलाबाची पानं कडेला कंपासनं आखल्यासारखी गोल कापलेली असतात. ती कीड नव्हे. पानं कापून त्यांच्या पुड्या करणारी आणि त्या पुड्यांत पिल्लांची सोय लावणारी ती एक एकटी राहणारी माशी आहे, आणि ज्या तुरीच्या डाळीचं वरण बाबा रात्री ओरपणार, त्या तुरीच्या फुलांचं परागीभवन करणाऱ्यांत तिच्या जातीचा वाटा मोठा असतो. एवढं सगळं पाहून मूल जो निष्कर्ष काढतं तो तर्काला धरूनच असतो: मित्र तक्त्यावरच बरा.

परागीभवन आणि शाळा यांचं वाकडं आजचं नाही. फुलं रंग, वास आणि मकरंद यांचा एवढा थाट कीटकांसाठी मांडतात, ही गोष्ट पुराव्यानिशी मांडणारा माणूस व्यवसायानं मुख्याध्यापक होता. ख्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल त्याचं नाव. बर्लिनजवळच्या स्पांडाउ गावच्या शाळेचा हा प्रमुख फुलापुढे तासन्‌तास बसून असे, कोण येतं, कुठून शिरतं, अंगाला काय फासून बाहेर पडतं याची टिपणं काढत असे. १७९३ साली त्यानं त्याचं पुस्तक काढलं. आता मुख्याध्यापक फुलापुढे बसले की शाळेपुढे कोण बसणार? पालकांशी खटके उडाले, वरिष्ठांशी उडाले, शाळेच्या कामाकडे दुर्लक्ष होतं असा बोभाटा झाला आणि १७९४ साली त्याला पद सोडावं लागलं. पुस्तकाचं महत्त्व जगाला पटायला पुढे डार्विन यावा लागला. आजच्या मुख्याध्यापकांना हा इतिहास माहीत असण्याचं कारण नाही, पण अंतःप्रेरणा म्हणून काही असतेच. मुलांना घेऊन फुलापाशी दहा मिनिटं थांबायचं म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी उमटते, ती सव्वादोनशे वर्षांची आहे.

तक्त्यावरच्या त्या हसऱ्या माशीकडे आता जरा निरखून पाहू. ती पिवळीधमक आहे, तिच्या अंगावर झेब्रा क्रॉसिंगसारखे पट्टे आहेत आणि तिचं घर गवताच्या उपड्या टोपलीसारखं आहे. असली टोपली युरोपातले जुने मधपाळ वापरत. पाळीव युरोपीय माशी आपल्याकडे नीट रुजली ती १९६० च्या दशकात. तक्त्यावर मात्र तिला पहिल्यापासून घरजावयाचा मान. आपल्या इथल्या चौघी वेगळ्याच. कड्यावर, उंच झाडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली भलंथोरलं एकच पोळं टांगणारी आग्या. झुडपात तळहाताएवढं पोळं बांधणारी फुलोरी. झाडाच्या ढोलीत एकापुढे एक पोळ्यांच्या भिंती उभारणारी सातेरी (गोव्याकडच्या पोराला हे नाव ऐकून वारुळातली देवी आठवेल, त्याला हसू नये). आणि भिंतीच्या फटीत मेणाची नळी काढून राहणारी, नांगी चालत नसलेली, मुंगीएवढी पोया. सातेरीच्या पेट्यांवर महाबळेश्वरच्या डोंगरात कित्येक घरं चालतात. तिथलं मांघर हे तर २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. पुण्यात १९६२ पासून मधमाश्यांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. एवढं सगळं दारात असताना स्नेहसंमेलनात मात्र मूल पिवळेकाळे पट्टे रंगवलेला पुठ्ठा पाठीला बांधून युरोपीय माशीच बनतं. आणि या चौघी म्हणजे नुसत्या नावाजलेल्या. जगात माश्यांच्या या कुळात २० हजारांहून जास्त जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक ना पोळं बांधत, ना मध साठवत, ना राणीची हुजरेगिरी करत. एकेकट्या राहतात, जमिनीत बोटभर बीळ करतात, पोरांपुरती शिदोरी भरतात आणि मरून जातात. त्यांच्यावर तक्ता नाही, कारण त्यांच्याकडून आपल्याला खायला थेट काही मिळत नाही. ज्याच्याकडे गेल्यावर चहासुद्धा मिळत नाही अशा नातेवाइकाला आपण कितीसं ओळखतो?

पण सगळ्यात मोठा अन्याय झाला आहे तो भुंग्यावर. मराठी कवितेत आणि लावणीत भुंगा हा पक्का छंदीफंदी गृहस्थ आहे. आज या कळीवर, उद्या त्या कळीवर, बांधिलकी म्हणून नाही. वस्तुस्थिती अशी, की काळाभोर, घूंऽऽ करत येणारा आणि अंगावर परागांची पोती लादून जाणारा हा जो जीव, तो बाई आहे. पराग गोळा करण्याचं काम माद्या करतात, कारण पोरांचे डबे त्यांना भरायचे असतात. लाकूड पोखरून घर करणं हेही मुख्यत्वे तिचंच खातं. कोरडं लाकूड पोखरणारा आणि कोवळ्या कळीत अडकणारा भ्रमर ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात येतो. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी आपल्याकडे या जिवाच्या सुतारकामाची नोंद होती. ते काम कोण करतं एवढीच चौकशी राहून गेली. कवींनी ज्याला रंगेल म्हणून बदनाम केलं तो डोक्यावर पाटी घेतलेली, दिवसाला शंभर दारं फिरणारी कष्टकरी आई निघाली. नर काय करतो? तो बहुतेक वेळ एका जागी हवेत तरंगत राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर जोरात धावून जातो. त्याला नांगीच नसते. पुरुषजातीविषयी यापुढे काही लिहिणं बरं नव्हे. या बाईला आणखी एक विद्या येते, आणि ती तक्त्यावरच्या मधमाशीला येत नाही. वांगं, टोमॅटो, माळावरचा तरवड यांचे परागकण मिठाच्या डबीसारख्या बारीक भोकाच्या पुंकेसरांत बंद असतात. भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, आणि डबीतून मीठ पडावं तसे पराग खाली पडतात. निळ्या पट्ट्यांची एक एकटी राहणारी माशीही हे करते. वर्गात दाखवायला साहित्य हवं असेल तर शाळेच्या कपाटात, कुलूपबंद, प्लॅस्टिकच्या पिशवीत, १९८० च्या सुमाराच्या साठा-नोंदवहीत चढवलेला एक नादकाटा असतोच. तो वाजवून वांग्याच्या फुलाला टेकवायचा. पराग पडतात. वर्ग टाळ्या वाजवतो. कपाटाची किल्ली मात्र ज्यांच्याकडे असते ते नेहमी प्रशिक्षणाला गेलेले असतात.

आता आंबा. हापूस म्हटलं की मराठी माणसाचा आवाज घसा साफ न करताही गहिवरतो. त्याची माती, त्याची हवा, समुद्राचा वारा, पायरीशी तुलना, या सगळ्यावर दोन तास बोलता येतं. या दोन तासांत ज्याचं नाव कधी निघत नाही तो त्याचा मुख्य शिल्पकार म्हणजे माशी. मध नसलेली, साधी, हिरवीनिळी, कचऱ्यावर बसणारी, आपण जिच्यावर वर्तमानपत्राची सुरळी उगारतो ती. आंब्याच्या मोहोरावर मधमाश्याही येतात, पण खरी गर्दी असते ती नाना जातींच्या माश्यांची. कोकोच्या इवल्या फुलात शिरून चॉकलेटची सोय करणारी चिलटं असतात. सीताफळाच्या जाड पाकळ्यांत शिरतात ते बारीक भुंगेरे. टेटूच्या झाडाकडे रात्री येतं ते वटवाघूळ. आणि उंबराचं फूल कुणी पाहिलंय, असं आपण वर्षानुवर्षं न दिसणाऱ्या मित्राला विचारतो, ते फूल उंबराच्या आतच असतं. एक नव्हे, शेकडो. दोनेक मिलिमीटरची, गांधीलमाशीची दूरची पुतणी म्हणावी अशी एक माशी उंबराच्या तोंडाच्या फटीतून आत घुसते. घुसताना तिचे पंख मोडतात. ती आतली फुलं फळवते आणि तिथेच संपते. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. जन्मोजन्मी हाच जोडीदार मिळू दे म्हणून आपण ज्या वडाला सूत गुंडाळतो, त्या वडाचं स्वतःचं तेवढं खरोखरच जमलेलं आहे. पण चित्रकला स्पर्धेत 'फुलांचे मित्र' असा विषय दिला की शंभरातली नव्वद मुलं फुलपाखरू काढतात, उरलेली दहा त्या नव्वदांचं बघून काढतात. फुलपाखराबद्दल वैर नाही. ब्लू मॉरमॉनला २०१५ साली महाराष्ट्रानं राज्य फुलपाखराचा दर्जा दिला, ते योग्यच झालं. पण लांब काटकुळ्या पायांवर उभं राहून सोंडेनं मकरंद पिणारा हा पाहुणा पराग नेण्याच्या कामात मधमाशी-भुंग्याच्या पासंगालाही पुरत नाही. कार्यालयात कामाचा डोंगर एकजण उपसतो आणि फोटोत मधोमध दुसराच उभा असतो, हे मुलांना कळायला पुढे आयुष्य पडलंय, चौथीतच कशाला?

यावर पहिला आक्षेप येतो तो जाणत्यांकडून. असल्या तपशिलात मुलांना गुंतवण्यापेक्षा त्यांना गांभीर्य पटवा, म्हणतात. आणि लगेच फोन काढून तो संदेश वाचून दाखवतात: मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, असं आइन्स्टाइन म्हणाला होता. आइन्स्टाइन असं कुठे म्हणाल्याचा पुरावा सापडत नाही. पण बिचाऱ्याला हल्ली फार बोलावं लागतं. भीती घालून शिकवण्यात मोठी अडचण अशी, की हिशेब लगेच उलटा पडतो. ज्वारी, बाजरी, गहू, भात यांचं माश्यांवाचून काही अडत नाही. भाकरी राहील, जाईल ते तिच्यासोबतचं कोरड्यास. जगातल्या महत्त्वाच्या अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिकांना प्राण्यांनी केलेल्या परागीभवनाचा कमी-अधिक आधार असतो, उत्पादनाच्या वजनात पाहिलं तर त्या पिकांचा वाटा ३५ टक्क्यांच्या आसपास भरतो. हे आकडे गंभीर आहेत. पण ते वर्गात कसे उतरतात पाहा. "मुलांनो, कीटक नाहीसे झाले तर काय होईल?" "काय होईल, सर?" "कारलं मिळणार नाही!" वर्गात कुजबुज. "दोडका मिळणार नाही! दुधी, पडवळ, लाल भोपळा, काही मिळणार नाही!" यावर जो जल्लोष उठतो तो शेजारच्या वर्गाला ऐकू जातो, आणि मागच्या बाकावरचं एक पोर, ज्याला आजवर पर्यावरणात काडीचा रस नव्हता, ते हात वर करून विचारतं, "सर, नक्की कधी होणार हे?" कीटकांच्या नाशाला एवढा उत्स्फूर्त लोकाश्रय दुसरा कुणी मिळवून दिला नसेल. यादी सुरू करायची तर आंबा, कलिंगड आणि चॉकलेट यांच्यापासून करावी, एवढी साधी व्यवहारबुद्धी भाजीवाल्यालाही असते. तो कारली वर मांडत नाही.

दुसरा आक्षेप आयांचा, आणि तो खरा आहे: चावली तर? आग्यामोहोळाच्या बाबतीत भीती रास्तच. किल्ल्यावर जाऊन मोहोळाखाली धूर करणारे, दगड मारणारे, वर तोंड करून आरोळ्या ठोकणारे बहाद्दर दरवर्षी त्याची किंमत मोजतात. मोहोळ दिसलं की लांबूनच नमस्कार करून वाट बदलावी, हे मुलांना पहिल्या वाक्यात शिकवावं. एखाद्याला माशी चावल्यावर अंगभर सूज येत असेल तर त्याची नोंद बाईंकडे असावी. पण फुलावर आलेली माशी आणि पोळ्याचं रक्षण करणारी माशी यांत सुट्टीवरचा आणि बंदोबस्तावरचा पोलीस यांच्याएवढा फरक आहे. फुलावर ती खरेदीला आलेली असते. तिच्या पिशवीला हात घातला नाही तर तिला भांडायला वेळ नसतो. एकट्या राहणाऱ्या माश्यांना तर राखायला वाडा नाही, राणी नाही. पोया जास्तीत जास्त केसांत शिरून कुरतडते. सगळ्यात धोकादायक असतो तो माशी दिसताच हात झाडत, किंचाळत, चप्पल शोधत गोल फिरणारा मोठा माणूस. त्याला वर्गाबाहेर ठेवलं तर तास शांतपणे पार पडतो.

तिसरा आक्षेप कुणी बोलून दाखवत नाही, तो खोकल्यातून व्यक्त होतो. पुंकेसर, स्त्रीकेसर इथपर्यंत बाईंचा आवाज खणखणीत असतो. 'फलन' या शब्दापाशी घसा बसतो. "बाई, नर फूल आणि मादी फूल म्हणजे नवरा-बायको का?" "तसं नाही... हं, तसंच समजा." "मग त्यांचं लग्न कोण लावतं?" "माशी." "म्हणजे माशी भटजी?" बाई घड्याळाकडे पाहतात. वास्तविक त्या पोरानं दोन वाक्यांत जे सांगितलं ते तक्त्याला चाळीस वर्षांत जमलेलं नाही. येणारा तिसराच, त्याला या संसाराशी देणंघेणं नाही. त्याचं लक्ष दक्षिणेवर, म्हणजे मकरंदावर. एका सकाळी शंभर कार्यं उरकायची, इथलं तिथे आणि तिथलं इथे करायचं, आणि आपल्या हातून नक्की काय घडलं याचा पत्ता नसताना पुढचा मुहूर्त गाठायचा. गेंदेदार गुलाब आणि पाकळ्यांनी गच्च भरलेली डबल जास्वंद म्हणजे तर नुसताच मांडव: पुंकेसरांच्याच पाकळ्या होऊन बसलेल्या, पंगतीत वाढायला काही नाही. शाळेच्या दर्शनी बागेत नेमकी हीच झाडं असतात. दर कार्तिकात तुळशीचं लग्न ऊस उभारून, अंतरपाट धरून, अक्षता टाकून लावणाऱ्या समाजाला झाडाच्या लग्नाबद्दल बोलताना लाज वाटावी, हे जरा अतीच. त्यातही वर्षभर तुळशीच्या मंजिऱ्यांवर घोंगावणाऱ्या माश्यांना त्या लग्नाची पत्रिकासुद्धा जात नाही.

राहिला शेवटचा आक्षेप: वेळ नाही आणि जागा नाही. जागेचं म्हणाल तर होती. माश्यांच्या बहुसंख्य जाती उघड्या मातीत बीळ करतात, आणि शाळेचं पटांगण ही त्यांची जुनी वसाहत. मग निधी आला. निधी आला की पेव्हर ब्लॉक येतात, हा निसर्गनियम न्यूटनला सुचायचा राहिला. आता पटांगण स्वच्छ आहे, भाजतं आहे, आणि कोपऱ्यातल्या 'जैवविविधता उद्याना'त क्रोटनच्या तीन कुंड्या, सिमेंटचं एक फुलपाखरू आणि 'आत जाऊ नये' अशी पाटी आहे. तरीही कुंपणाबाहेर कुणी न लावलेली एकदांडी असते. ती मूळची अमेरिकेकडची, पण तिच्यावर जेवायला येणारे सगळे इथले. तिथे दहा मिनिटं गप्प उभं राहायला निधी लागत नाही. गप्प राहणं हीच काय ती खर्चाची बाब. वेळेचं म्हणाल तर शनिवारची सकाळची शाळा त्याचसाठी असावी. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. त्याला पाचवा तास चालत नाही. नर फुलाचा देठ लांब सडसडीत, मादी फुलाखाली गोटीएवढा बाळभोपळा. नर फूल तोडून मादी फुलावर अलगद टेकवलं की काम झालं. जगभरच्या व्हॅनिलाचा व्यापार असल्याच एका युक्तीवर उभा आहे, आणि ती सोपी युक्ती शोधली रियुनियन बेटावरच्या एदमों अल्बियुस नावाच्या गुलाम मुलानं, १८४१ साली. तेव्हा तो १२ वर्षांचा होता. आपल्याकडे सातवीत असता आणि 'काडीनं फुलं कोचतो' म्हणून वर्गाबाहेर उभा असता. पंधरवड्यानं वेलीवर भोपळा धरलेला दिसतो. शाळेत भोपळा मिळाल्याचा आनंद होण्याची एवढी एकच संधी आहे. तीही नको असेल तर पावसाळ्यात मक्याचं कणीस आणावं. त्याच्या टोकाला लोंबणारा प्रत्येक रेशमी केस एका दाण्याचा असतो. ज्या केसाला वाऱ्यानं पराग आणून दिला नाही, तो दाणा भरत नाही. दात पडलेलं कणीस हातात घेऊन कोणकोणते निरोप पोचले नाहीत ते मुलं मोजू शकतात. मोजून झालं की खाऊही शकतात, जे तक्त्याच्या बाबतीत जमत नाही. हे सगळं बाजूला ठेवून ज्यांना दिवस साजराच करायचा असेल, त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २०१७ साली जागतिक मधमाशी दिन जाहीर केला आहे. तारीख २० मे. त्या दिवशी महाराष्ट्रातली शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीत असते, मुलं आजोळी असतात आणि अहवाल मात्र वेळेत जातो.

आणि तरीही एखाद्या शाळेत कुणी मुलांना कुंपणापाशी उभं करतंच. मग एप्रिलात परीक्षा येते. प्रश्न असतो: 'एका वाक्यात उत्तर लिहा. आंब्याच्या फुलांचे परागीभवन कोण करते?' गुण एक. दहा मिनिटं गप्प उभं राहिलेलं मूल पेन्सिल चावतं, आठवतं आणि लिहितं: 'हिरवी माशी, तिच्यासारख्या आणखी माश्या आणि थोड्या मधमाश्या.' उत्तरपत्रिका तपासायला घरी येतात. एप्रिलची दुपार, पंख्याखाली गठ्ठा, शेजारी वाटीत आमरस. नमुना उत्तरात 'मधमाशी' एवढंच छापलेलं असतं. सर उजव्या हातानं 'हिरवी माशी'वर लाल फुली मारतात आणि डाव्या हातानं आमरसावरची माशी हाकलतात.